आधी कोण जाणार?

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी, निवासी शाळेच्या पत्र्याच्या ट्रंकेत दोन जोड कपडे घेऊन आलेली मुले आज जगाच्या पाठीवर कुठे कुठे पोहोचली आहेत, हे पाहिले म्हणजे शिक्षकाच्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटते. कोणी राजर्षी शाहू महाराजांच्या नावे मिळणाऱ्या शासकीय परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, कोणी संगणकाच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावले, कोणी आखाती देशांत कामाला आहेत. सुट्टीत गावी आले की ही मुले शाळेत चक्कर टाकतात, गुरुजनांना 'जयभीम' घालतात आणि गप्पा रंगतात. त्या गप्पांत एक गोष्ट आम्हांस वारंवार आढळली आहे. परदेशात गेल्यावर नव्याने शिकावे लागलेले सर्वांत अवघड काय, असे विचारले तर ही मुले भाषेचे किंवा थंडीचे नाव घेत नाहीत. ती रस्त्याचे नाव घेतात.

प्रथमदर्शनी हे नवलाचे वाटते. आपल्याकडची मुले मिसरूड फुटण्यापूर्वीच ट्रॅक्टर हाकतात. वाशीमच्या परिवहन कार्यालयात आठचा आकडा काढून, एमएच ३७ च्या पाट्या मिरवीत दिग्रस, कारंजा, मंगरुळपीरचे रस्ते त्यांनी वर्षानुवर्षे तुडवलेले असतात. मग त्यांना पुन्हा शिकण्यासारखे असे काय उरले होते? या प्रश्नाचा आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नात्याने विचार करीत आलो आहोत, आणि आमचे मत असे झाले आहे की परदेशी रस्त्यावरचे सारे शिक्षण एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेले आहे. तो प्रश्न म्हणजे: दोघे समोरासमोर आले असता आधी कोण जाणार? या साध्या प्रश्नाला एखादा समाज कोणते उत्तर देतो, यावरून त्या समाजात माणसाची किंमत कशी ठरते हे कळते.

आधी वरवरचे भेद पाहू. अमेरिकेत, युरोपातील बहुतेक देशांत आणि आखातात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. तेथे स्टिअरिंग डाव्या हाताला असते आणि गिअर उजव्या. डोके जुन्या सवयीने चालते. रस्ता ओलांडताना नजर चुकीच्या दिशेला आधी वळते. हा घोटाळा केवळ आपलाच होतो असे नाही. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विन्स्टन चर्चिल १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरून रस्ता ओलांडू लागले, इंग्लंडच्या सवयीप्रमाणे चुकीच्या बाजूला पाहिले आणि मोटारीची धडक बसून चांगलेच जायबंदी झाले. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे अख्खा देश डावीकडून उजवीकडे नेला. लोक जुळवून घेतात. हा बदल शरीराचा आहे. तो काही आठवड्यांत अंगवळणी पडतो.

दुसरा भेद परवान्याचा. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्षासाठी असतो. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्या भारतीयाला आपल्या परवान्यावर १२ महिने वाहन चालविता येते. त्यानंतर त्याला नवशिक्याप्रमाणे परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात व त्यांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. त्यासोबत धोका ओळखण्याची परीक्षा असते. पडद्यावर रस्त्याची चित्रफीत चालू असते. उभ्या मोटारीआडून एखादे मूल पुढे येऊ पाहते, दूरवर एखादा सायकलस्वार डगमगतो. तो धोका घडण्याआधीच ओळखून कळ दाबावी लागते. मग सुमारे ४० मिनिटांची रस्त्यावरची परीक्षा. वीस वर्षे गाडी हाकलेली माणसेही तेथे नापास होतात, कारण परीक्षक हाताचे कौशल्य जेवढे पाहतो तेवढेच तो इतरांची दखल घेण्याची सवय पाहतो. आरशात पाहिले का, मागच्याला इशारा दिला का, कडेला उभ्या असलेल्या म्हातारीसाठी वेग कमी केला का, या साऱ्यांची नोंद होते.

आणि येथूनच खऱ्या अर्थाने अवघड शिक्षण सुरू होते. अमेरिकेत अनेक चौफुल्यांवर ना सिग्नल असतो, ना शिपाई. चारही बाजूंना लाल अष्टकोनी पाटी असते. तेथे प्रत्येकाने गाडी पूर्ण थांबवायची. जो आधी आला तो आधी जाईल. दोघे एकदम आले तर उजवीकडचा आधी जाईल. मग समोर अठरा चाकांचा ट्रक असो की शाळकरी पोराची जुनाट मोटार असो. ट्रकवाला नंतर आला असेल तर तो थांबतो आणि त्या पोराला जाऊ देतो. तेथे ना दंड करणारे कोणी असते, ना पाहणारे. लेकरांची पिवळी बस लाल दिवे लुकलुकवीत थांबली, तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहने जागच्या जागी उभी राहतात; शेवटचे मूल सुखरूप रस्त्याच्या कडेला पोहोचेपर्यंत कोणी हलत नाही. जर्मनीत महामार्गावर वाहतूक तुंबू लागली की डाव्या टोकाच्या रांगेतली वाहने आणखी डावीकडे आणि बाकीची उजवीकडे सरकतात. मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी होते. रुग्णवाहिका येण्याची वाट न पाहता ही जागा आधीच केलेली असते. कोणीतरी अनोळखी माणूस पुढे कुठेतरी जखमी पडला असेल, एवढ्या शक्यतेपायी शेकडो माणसे बाजूला होतात.

ब्रिटनच्या 'हायवे कोड' या नियमपुस्तिकेत २९ जानेवारी २०२२ पासून एक तत्त्व स्पष्ट शब्दांत दाखल झाले आहे. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी. सर्वांत मोठी जबाबदारी जड वाहनांवर, मग मोटारी, मग दुचाकी, सायकल. आणि सर्वांत जास्त जपणूक पायी चालणाऱ्याची. वळण घेणाऱ्या चालकाने, रस्ता ओलांडण्यासाठी नुसत्या थांबलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यावे, असे ही पुस्तिका सांगते. बळ वाढले की जबाबदारी वाढते, हा या साऱ्या रचनेचा पाया आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली एक लहानशी गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. इंग्लंडच्या अरुंद गल्लीत समोरच्या गाडीने दिवा लुकलुकवला, तर बहुधा त्याचा अर्थ 'तुम्ही या, मी थांबतो' असा असतो. आपल्याकडे त्याच दिव्याचा अर्थ 'मी येतो आहे, तू थांब' असा होतो. दिवा तोच, हाताची हालचाल तीच, अर्थ मात्र नेमका उलटा. हॉर्नचेही तसेच. तिकडे विनाकारण हॉर्न वाजविणे म्हणजे दुसऱ्याला शिवी देणे समजले जाते. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवरच 'हॉर्न ओके प्लीज' असे आमंत्रण लिहिलेले असे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली त्या अक्षरांवर बंदी घातली, पण हॉर्नवरचा हात काही निघाला नाही.

'आधी कोण जाणार' या प्रश्नाचे आपले उत्तर काय आहे? ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, पण मानोऱ्याच्या बसस्थानकासमोर दहा मिनिटे उभे राहिले तर ते पाठ होते. जो मोठा तो आधी. ट्रक आणि एसटीपुढे मोटार दबते. काळ्या काचांच्या, पुढाऱ्याच्या झेंड्याच्या मोटारीपुढे साधी मोटार दबते. मोटारीपुढे दुचाकी, दुचाकीपुढे सायकल आणि सर्वांपुढे पायी चालणारा. गंमत अशी की प्रत्येकाला वरच्याचा जाच कळतो, पण खालच्यावर जाच करताना त्याचा हात थरथरत नाही. ट्रकने कट मारला म्हणून संतापलेला दुचाकीवाला पुढच्याच क्षणी डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईच्या अंगावरून गाडी घालतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असल्यामुळे प्रत्येकाला या व्यवस्थेत थोडा लाभ दिसतो आणि म्हणून ती टिकते, हे त्यांनी दाखवून दिले. आपली वाहतूक ही त्या श्रेणीबद्ध विषमतेचे चाकांवर धावणारे रूप आहे, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही तुलना आम्ही अलंकार म्हणून केलेली नाही. या देशात रस्ता कधीच सर्वांचा नव्हता. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात नोंदविले आहे. केरळात त्रावणकोर संस्थानातील सार्वजनिक रस्ते अस्पृश्यांना बंद होते. १८९३ साली अय्यंकाळी यांनी स्वतःची बैलगाडी त्या बंदी असलेल्या रस्त्यांवरून हाकली. गाडी हाकणे हाच त्यांचा सत्याग्रह होता. १९२४ साली वैकोम येथे झालेला सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नसून मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी होता. एवढ्या साध्या मागणीसाठी लोकांना तुरुंगात जावे लागले आणि दीड वर्षाहून अधिक काळ झगडावे लागले.

आणि स्वतः बाबासाहेब? त्यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग वाहन चालविण्याशीच निगडित आहेत. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांना भेटण्यास निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने शेजारून पायी चालावे, अशी तडजोड झाली. पुढे १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सभासद असलेले बॅरिस्टर आंबेडकर चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाला त्यांचा टांगा हाकण्यास राजी नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, पण तो हाकण्यास वस्तीतला एक माणूस बसला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. अडाणी टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ समजतो, ही त्या घटनेवरची त्यांची टिप्पणी आजही अंगावर येते. त्या अपघाताचे खरे कारण चाक किंवा दगड नव्हता. कोण कोणासाठी लगाम हाती धरील, हा प्रश्न जातीने ठरविला होता. अपघात त्याचा परिणाम होता.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम १५ (२) कडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीने तेथे 'रस्ते' हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला रस्त्याच्या वापरापासून अडविता येणार नाही. चवदार तळ्याचे पाणी जसे आपल्याला लढून मिळाले, तसाच रस्ताही लढूनच मिळाला आहे. जो समाज रस्त्यासाठी झगडला, त्याने त्याच रस्त्यावर दुर्बळाला बाजूला ढकलावे, यासारखी इतिहासाची थट्टा दुसरी नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, परदेशाचे गोडवे गाणे पुरे झाले. हा आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचे उत्तर इतिहासातून दिले पाहिजे. गोरे लोक जन्मजात शिस्तीचे असतात, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेत काळ्या माणसाला मोटार घेऊन प्रवासाला निघणे एकेकाळी जिवावरचे असे. कोणत्या गावात त्याला खाणावळ मिळेल, कोठे मुक्काम करता येईल, कोठे पेट्रोल मिळेल, याची माहिती देणारी पुस्तिका व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढली. ती तीस वर्षे निघत होती. मसूरच्या स्थानकावर ताटकळलेल्या चार मुलांना जो प्रश्न पडला, तोच प्रश्न त्या पुस्तिकेच्या पानोपानी होता. सौदी अरेबियात स्त्रियांना वाहन चालविण्याची मुभा २४ जून २०१८ रोजी मिळाली, आणि त्यासाठी झगडणाऱ्या स्त्रियांनी तुरुंगवास भोगला.

ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्त्यावर ७,३४३ माणसे मेली. त्या काळी तेथील वाहने आजच्या मानाने अगदीच थोडी होती. या हानीनंतर तेथे वस्तीतून ताशी ३० मैलांची वेगमर्यादा आली आणि १९३५ पासून वाहनचालकाची परीक्षा सक्तीची झाली. नेदरलँड्समध्ये १९७१ साली तीन हजारांवर माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि 'मुलांची हत्या थांबवा' या नावाने चळवळ उभी राहिली. आज त्या देशातली मुले सायकलवर निर्धास्त शाळेत जातात, ते त्या चळवळीचे फळ आहे. सारांश असा की, तिकडची शिस्त ही रक्तातून आलेली नाही. ती लोकांनी मागितली, कायद्यात लिहिली, शाळेत शिकविली आणि मग अंगात मुरविली. जे शिकता येते ते आपल्यालाही शिकता येईल.

दुसरा आक्षेप असा की, तिकडे लोक दंडाला भितात, एवढेच. यातही तथ्य आहे. संयुक्त अरब अमिरातीत चुकांचे २४ काळे गुण जमले की परवाना काढून घेतला जातो. दंडाचा धाक हवाच. पण धाक जर पुरेसा असता तर आपल्याकडे चित्र निराळे दिसले असते. कायद्याच्या पुस्तकात आपणही मागे नाही. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपयांचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ठरला आहे. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलमही त्याच दुरुस्तीने आले. पांढऱ्या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हे २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत आहे. प्रश्न असा की मानोऱ्यात, वाशीममध्ये किती चालकांना हे ठाऊक आहे आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जण थांबतात? कायदा समतेचा आणि सवय विषमतेची, हा आपला जुनाच रोग आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील समता आणि सामाजिक जीवनातील विषमता यांच्यातील ज्या विसंगतीचा इशारा दिला, तिचे दर्शन चौफुलीवर रोज घडते.

या रोगाची किंमत किती? केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के आणि पायी चालणारे सुमारे १९ टक्के होते. म्हणजे मरणाऱ्यांत दर दहांपैकी सहा जण उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवरचे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी सुमारे सतराशे माणसे मेली. दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला तर आपल्याकडे बारा, तिकडे तीनहून कमी. यांतले किती शेतमजूर, किती विद्यार्थी, किती घरातले एकमेव कमावते होते, हे आकडे सांगत नाहीत. पण दुचाकीवर आणि पायी कोण फिरतो हे आपल्याला सांगावे लागत नाही.

आता आमच्या परदेशस्थ विद्यार्थ्यांशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. तिकडे रिकाम्या चौफुलीवर मध्यरात्रीसुद्धा थांबणारा आपला माजी विद्यार्थी नागपूरच्या विमानतळावर उतरतो, भाड्याच्या मोटारीने समृद्धी महामार्गाला लागतो आणि कारंजाच्या बाजूला उतरून गावाकडे वळतो. या दोन-चार तासांत त्याचे वागणे बदलते. कारण विचारले तर तो म्हणतो, 'सर, इथे मी थांबलो तर मागचा येऊन धडकेल.' ही अडचण खोटी नाही. जेथे कोणीच थांबत नाही तेथे एकट्याने अचानक थांबणे धोक्याचे ठरते, हे आम्हांसही मान्य आहे. रस्त्याला फूटपाथ नाही, पट्टे पुसले गेले आहेत, खड्डा चुकविताना नियम कोठला पाळायचा, हेही खरे. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या पाळल्याने मागचा कोणी येऊन धडकत नाही. शाळेजवळ वेग कमी करणे, रात्री समोरून वाहन आले की दिवा खाली करणे, वळणावर ओव्हरटेक न करणे, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीशी हॉर्न न वाजविणे, डोक्यावर हेल्मेट घालणे, मागे बसलेल्या लेकरालाही घालणे; यासाठी इंग्लंडचा रस्ता लागत नाही. ही शिस्त त्याने परदेशात पासपोर्टसोबत ठेवून न येता सोबत आणली, तर धाकटी भावंडे ती पाहून शिकतील. बाबासाहेबांनीही कोलंबियात आणि लंडनमध्ये अनुभवलेली बरोबरीची वागणूक तिकडेच ठेवून दिली नाही. येथे परतल्यावर तिची मागणी केली.

समृद्धी महामार्ग हाही आपल्या भागातल्या चालकाला एका अर्थी परदेशच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. तेथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. एवढ्या वेगाच्या रस्त्यावर रांग, अंतर, विश्रांती यांचे नियम पाळले नाहीत तर काय होते, याची आठवण १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजानजीक जळालेली खासगी बस आणि त्यात गेलेले २५ जीव करून देतात. रस्ता परदेशासारखा बांधता येतो. त्यावर चालणारी माणसे मात्र घडवावी लागतात, आणि ते काम ठेकेदाराचे नव्हे, शाळेचे आहे.

या ठिकाणी बौद्ध म्हणून एक विचार मांडल्यावाचून राहवत नाही. आपण दररोज पंचशील घेतो. पाचव्या शीलात मद्यापासून दूर राहण्याचे जे कारण सांगितले आहे, ते नीट ऐकावे. मद्य हे प्रमादाचे स्थान आहे, असे तेथे म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. भगवान बुद्धांचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच, सावध राहण्याचाच होता. वाहन चालविणाऱ्याला याहून थोडक्यात सांगता येईल असा दुसरा नियम आम्हांस ठाऊक नाही. जपानमध्ये मद्य पिऊन गाडी चालविणाऱ्याबरोबरच त्याला दारू पाजणारा, गाडी देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणारा हेही शिक्षेस पात्र ठरतात. म्हणजे प्रमाद हा एकट्याचा नसतो, त्यात सोबत्यांचाही वाटा असतो, हे तेथील कायद्याने ओळखले. लग्नाच्या वरातीनंतर, निवडणुकीच्या रात्री, अगदी जयंतीच्या मिरवणुकीनंतरही आपल्यापैकी कोणी गाडीची किल्ली हाती घेतो, तेव्हा शेजारी उभे असलेल्यांनी ती किल्ली काढून घेणे हे पाचव्या शीलाचेच पालन आहे.

म्हणून शाळेचे व्यवस्थापन, पालक आणि माजी विद्यार्थी यांच्यापुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. पहिली, आपल्या शाळेच्या फाटकासमोर येणाऱ्या प्रत्येक वाहनाने, मग ते पाहुण्यांचे असो वा पदाधिकाऱ्यांचे, मुलांना आधी जाऊ द्यावे. पालकभेटीच्या दिवशी हा नियम सर्वांत काटेकोरपणे पाळावा. दुसरी, नववी-दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या तासाला कलम १५ सोबत रस्त्याचे नियमही शिकवावेत. चौफुलीवर कोण आधी जाणार, हा प्रश्न फळ्यावर मांडून मुलांकडूनच उत्तर काढून घ्यावे. तिसरी, शेतकरी पालकांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आणि बंडीच्या मागे चकाकणाऱ्या लाल पट्ट्या लावाव्यात. हंगामात कापूस-सोयाबीन भरलेली ट्रॉली रात्री दिव्याविना उभी राहते आणि मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. मरणारा बहुधा आपल्याच आसपासचा असतो. चौथी, पोहरादेवीच्या यात्रेत तालुक्यातले रस्ते माणसांनी फुलतात, तेव्हा आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांनी पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडून देण्याची सेवा करावी. पाचवी सूचना परदेशस्थांना: आपण तेथील परीक्षा देऊन जे शिकलात ते पुढच्या भेटीत मुलांना एक तास तरी सांगा. परदेशातील इमारतींची छायाचित्रे मुले मोबाईलवर पाहतात. कोणी न पाहता थांबणारी माणसे त्यांना तुम्हीच दाखवू शकाल.

कोणाला वाटेल, एवढ्या मोठ्या चळवळीच्या वारसांना हे फार किरकोळ काम सांगितले. आम्हांस तसे वाटत नाही. लोकशाही म्हणजे केवळ राज्य चालविण्याची रीत नसून सोबतच्या माणसांविषयी आदर बाळगून एकत्र जगण्याची रीत आहे, अशी बाबासाहेबांची शिकवण आहे. असा आदर सभेच्या व्यासपीठावर दाखविणे सोपे असते, कारण तेथे समोर ओळखीची माणसे असतात. रस्त्यावर समोरचा अनोळखी असतो. त्याची जात, त्याचे पद, त्याचा खिसा आपल्याला ठाऊक नसतो. ठाऊक असते ते एवढेच की तो माणूस आहे आणि त्याला पलीकडे जायचे आहे. त्याच्यासाठी पायाने ब्रेक दाबला जातो तेव्हा संविधानातील बंधुता प्रत्यक्षात उतरते. आपल्या शाळेतून निघालेल्या मुलामुलींनी जगात कोठेही गाडी चालवावी, आणि दुर्बळ माणूस समोर आला असता आधी त्याला जाऊ द्यावे. रस्त्यासाठी झगडलेल्या पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा आणि रोजचा मार्ग आम्हांस दिसत नाही.

जयभीम!